दाराआडचा रोगी

दिवाळी आली की आपण घराचा कानाकोपरा झाडतो. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्या उन्हात पडतात, जळमटे निघतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा एक पणती लागते. फक्त एक खोली अशी असते की तिथे केरसुणी जाते, पण पाहुणा जात नाही. तिथे घरातला रोगी असतो. हात थरथरणारे आजोबा असतात, फेफरे येणारी मुलगी असते, चाळिशीतच दारुड्यासारखा झोकांड्या खात चालू लागलेला काका असतो. फराळाला आलेल्या पाहुण्याने विचारलेच, तर "त्यांना जरा बरे नाही," एवढे सांगून चकलीची ताटली पुढे सरकवली जाते.

या खोलीविषयी मला आज भांडायचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण घरातली सारी माणसे एकाच अंकासाठी हिसकाहिसकी करतात ती हीच वेळ, आणि माझे भांडण घरातल्या साऱ्यांशीच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या रोगांचे कोडे सुटत नाही, याचे खापर आपण शास्त्रज्ञांवर, सरकारवर आणि सरतेशेवटी नशिबावर फोडतो. पण त्या कोड्याचे निम्मे तुकडे आपण आपल्याच घरात कडीकुलपात ठेवलेले आहेत. ज्या ज्या ठिकाणी कुटुंबांनी ती कडी काढली, तिथे रोगाचे गूढ थोडेतरी उकलले. जिथे काढली नाही, तिथे भोंदूंचे फावले.

मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहतो आणि शिकवण्या घेतो. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे उतरली, आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या जागी मजले चढले, जीन्स शिवणारी यंत्रे खडखडू लागली, सिंधी घरांच्या शेजारी आमच्यासारखी मराठी घरे आली, उत्तरेकडची कामगार कुटुंबे आली. इथे भिंतीला भिंत लागलेली आहे. कुणाच्या घरी पापड भाजला, कुणाच्या घरी भांडण झाले, कुणाच्या मुलाचा निकाल कसा लागला, हे दुसऱ्या मजल्यापर्यंत कळते. रोग मात्र कळत नाही. शिकवणीच्या निमित्ताने मी पुष्कळ घरांत आतपर्यंत जातो, म्हणून त्या मागच्या खोलीचे दार मला ठाऊक आहे. ते सिंधी घरात असते तसेच मराठी घरातही असते. या एका बाबतीत आमच्या वस्तीत भाषेचा भेद नाही.

आता बाहेर रस्त्यावर या आणि भिंती वाचा. 'नसांची कमजोरी', 'लकव्यावर हमखास इलाज', 'मिरगी मुळापासून बंद'. 'नस' हा शब्द या मंडळींना किती सोयीचा! रक्त वाहून नेणारी शीर ती नस, मेंदूचा निरोप हातापायाला पोचवणारा तंतू तीही नस, आणि तरुण मुलाच्या मनातली अकारण भीती तीही नसच. तिन्हींवर एकच बाटली. ही बाटली का खपते? औषध गुणकारी असते म्हणून नव्हे. तिथे कुणी नाव विचारीत नाही, वहीत नोंद करीत नाही, घरात आणखी कुणाला असे होते का हे खोदून काढीत नाही. म्हणजे आपण त्याला पैसे देतो ते औषधाचे नसतात, गुप्ततेचे असतात.

याच्या उलट खरा तपास कसा चालतो ते पाहा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाजवळ राहणाऱ्या एखाद्या पेशीचा तंतू पायाच्या बोटापर्यंत जातो, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पेशीला हातभर नव्हे, तब्बल मीटरभर लांब शेपूट असते. निरोप या तंतूतून विजेच्या रूपाने धावतो, आणि एका पेशीकडून दुसरीकडे जाताना बहुधा एखाद्या रसायनाच्या थेंबावर बसून मधली फट ओलांडतो. यात बिघाड किती प्रकारे होऊ शकेल! तंतूवरचे वेष्टण खराब होईल, रसायन आटेल, पेशीच्या आत एखादे प्रथिन वेडेवाकडे दुमडून साचत जाईल, रक्त न पोचल्याने पेशीच मरेल. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की हात चालत नाही. 'लकवा' हे त्या न चालण्याचे नाव झाले. ते कारण नव्हे. कारण सापडल्याशिवाय दिलेले औषध म्हणजे बंद पडलेल्या घड्याळाला मारलेली चापट. कधी चालतेही, पण का चाललेले ते कळत नाही.

घड्याळजी घड्याळ उघडून पाहतो. जिवंत माणसाचा मेंदू तसा उघडता येत नाही. छायाचित्रे काढणारी यंत्रे आता उत्तम आहेत, पण पेशीच्या पोटातली घडामोड त्यांना फारशी दिसत नाही. म्हणून या रोगांच्या संशोधकाला तीन गोष्टींवाचून गत्यंतर नसते. रोग्याला वर्षानुवर्षे जवळून पाहता आले पाहिजे. त्याच्या घराण्याची खरी हकीकत कळली पाहिजे. आणि रोगी गेल्यावर त्याच्या मेंदूचा किंवा मज्जातंतूचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आला पाहिजे. या तिन्ही गोष्टींच्या किल्ल्या सरकारकडे नाहीत आणि प्रयोगशाळेकडेही नाहीत. त्या घरातल्या कर्त्या माणसाच्या करगोट्याला बांधलेल्या आहेत. एकेक घेऊन बोलतो.

पहिली गोष्ट, रोग्याला पाहू देणे. यासाठी महारोगाइतके कडू उदाहरण दुसरे नाही. महारोग हा कातडीचा रोग, अशी आपली समजूत. तो मुळात मज्जातंतूंचा रोग आहे. नॉर्वेतल्या हान्सेनला त्याचा जंतू १८७३ साली दिसला. हा जंतू मज्जातंतूला वेढून राहणाऱ्या पेशींत बिऱ्हाड करतो, आणि हळूहळू त्या भागाची जाणीव जाते. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आले की महारोग्याची बोटे झडतात, पाप अंगातून बाहेर फुटते. बोटे झडत नाहीत. तापलेल्या तव्याचा चटका त्या हाताला कळत नाही, चपलेत शिरलेला खिळा त्या पायाला कळत नाही. जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोट जाते. वेदना ही देवाने दिलेली पहारेकरीण आहे. ती निघून गेली की चोर कुणीही असो, घर लुटले जाते.

हे ज्यांना कळले त्यांनी रोग्यांचे हातपाय जवळून पाहिले म्हणून कळले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दाराब दस्तूर यांनी महारोगाने पछाडलेल्या मज्जातंतूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात वर्षे घालवली. ते तुकडे कुणा रोग्यांनी दिलेले होते, हे विसरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, आणि आज वेळीच आलेला महारोगी पुरता बरा होतो. पण 'वेळीच' या शब्दापाशी आपली सारी नाटके सुरू होतात. गालावरचा बधिर चट्टा पावडरीखाली झाकला जातो. औषधे होती, शास्त्र होते, आणि तरी माणसे पांगळी झाली, ती केवळ लपवण्यापायी. कायद्यालासुद्धा शहाणपण यायला २०१९ साल उजाडावे लागले. तोवर जोडीदाराचा महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहाच्या कायद्यांत नांदत होते.

दुसरी गोष्ट, घराण्याची हकीकत. ही तर आपल्या मुंबईचीच कथा आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया मज्जाविकारांचे रोगी तपाशीत. त्यांच्याकडे तोल जाणारे, झोकांड्या खाणारे, बोबडे बोलणारे काही रोगी आले. असे रोगी जगभर होते, आणि त्यांचा लहान मेंदू झिजतो हेही ठाऊक होते. पण वाडियांच्या नजरेने एक निराळी खूण टिपली. या रोग्यांचे डोळे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झटकन उडी मारीत नव्हते. निरोगी माणसाची नजर ओळीच्या एका शब्दावरून दुसऱ्यावर निमिषात झेप घेते. या माणसांची नजर चिखलातून चालल्यासारखी सरकत होती. वाडिया आणि स्वामी या दोघांनी अशा रोग्यांची नऊ कुटुंबे गोळा केली, त्यांच्या वंशवेली मांडल्या, आणि १९७१ साली 'ब्रेन' या नामांकित नियतकालिकात जगाला सांगितले की हा एक वेगळा आनुवंशिक रोग आहे.

पंचवीस वर्षे गेली. १९९६ साली परदेशांतल्या शास्त्रज्ञांना एका जनुकात बिघाड सापडला. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो बहुधा २२ वेळा येतो. एखाद्या कारकुनाने नक्कल करताना तोच शब्द अडखळून पुन्हा पुन्हा लिहावा, तसे या रोग्यांत होते. हा आकडा पस्तिशीच्या पुढे गेला की त्यापासून बनणारे प्रथिन बिघडते आणि लहान मेंदूतल्या पेशी मरू लागतात. आकडा जितका मोठा तितका रोग लवकर. आईबापांकडून मुलाकडे जाताना तो पुष्कळदा वाढतो. म्हणूनच आजोबांना पन्नाशीत जे झाले ते नातवाला पंचविशीत होते, आणि आपण म्हणतो की शाप पिढीगणिक तीव्र होत चालला! शाप नव्हे हो, मोजता येणारा आकडा आहे. १९९८ साली वाडियांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास करून दाखवून दिले की डोळ्यांच्या मंद गतीची ती खूण नेमकी याच जनुकाकडे बोट दाखवते.

आता मला सांगा, या कथेचा नायक कोण? वाडिया तर खरेच. पण त्या नऊ कुटुंबांतल्या कुणीतरी सांगितले असेल की, होय डॉक्टर, माझ्या आत्यालाही असेच होते, आणि गावी चुलतभावालाही आहे. हे एक वाक्य उच्चारायला काय धैर्य लागते, हे घरात उपवर मुलगी असलेल्या प्रत्येकाला कळेल. त्या नऊ घरांनी तोंड मिटले असते, तर वाडियांसमोर केवळ विखुरलेले, झोकांड्या खाणारे रोगी उरले असते.

हे एकाच रोगाचे नाही. दक्षिण इटलीतल्या एका गावातून पसरलेल्या एका कुटुंबात कंपवात पिढ्यानपिढ्या येत होता. त्यांच्या रक्तावरून १९९७ साली एका प्रथिनाचा दोष सापडला. त्याच वर्षी कळले की ते प्रथिन त्या कुटुंबापुरते नाही. कंपवाताच्या बहुतेक रोग्यांच्या मेंदूत ज्या गुठळ्या दिसतात, त्या याच प्रथिनाच्या. एका घराने दार उघडले आणि जगभरच्या रोग्यांच्या खोलीत उजेड पडला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. गेलेल्या माणसाचा अंश देणे. कंपवाताची गोळी घेणाऱ्या हजारो घरांना ती गोळी कुठून आली हे माहीत नसते. ऐका. सर्पगंधा ही आपली मुळी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण इंग्लंडमधल्या नियतकालिकातून जगाला दाखवला. तिच्यातून १९५२ साली रेसर्पिन हे द्रव्य वेगळे निघाले. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे दगडासारखे निश्चल झाले. १९५७ साली त्यांनी त्या सशांना डोपा नावाचे द्रव्य दिले, आणि ससे पुन्हा हालू लागले. म्हणजे हालचालीला मेंदूतले एक विशिष्ट रसायन लागते, डोपामिन त्याचे नाव. पण सशाचे ते माणसाला लागू पडते का? १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, आणि नेमक्या ठरावीक भागात ते रसायन आटलेले आढळले. पुढच्याच वर्षी रोग्यांना डोपा देऊन पाहिले गेले. न हालणारी माणसे उठून चालली. १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी मात्रा नीट बसवली, आणि ती गोळी आज कॅम्प पाचच्या औषधाच्या दुकानातही मिळते.

इथे कुणी अभिमानी गृहस्थ उठून म्हणेल, "हे आमच्या आयुर्वेदाला ठाऊकच होते. कपिकच्छू, म्हणजे आपली खाजकुइली, कंपवातावर दिली जात होती." बरोबर आहे, आणि त्या बियांत हेच डोपा असते, हे १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच दोघांनी दाखवले होते. पण गृहस्थ, तीस वर्षे हे दोन धागे एकमेकांना भेटले नाहीत. का भेटले नाहीत? मेंदूत नेमके काय आटते हे कुणी पाहिलेले नव्हते. ते पाहायला मेलेल्या माणसाचा मेंदू लागला, आणि तो देणारी घरे व्हिएन्नात निघाली. बी आपली, मुळी आपली, दार मात्र दुसऱ्याने उघडले. अभिमान बाळगायचा तर जरा जपून बाळगावा.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप मी रोज ऐकतो. त्यांना उत्तर दिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिला आक्षेप लग्नाचा. "मास्तर, घरचे सारे सांगत सुटलो तर मुली कोण करील?" हा आक्षेप खोटा नाही. पण या वस्तीनेच त्याचे उत्तर दिलेले आहे. थॅलेसेमिया हा रक्ताचा रोग सिंधी समाजात बराच आढळतो. आई आणि वडील दोघेही त्याचे वाहक असले तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक. एके काळी हा शब्द आमच्या गल्लीत कुणी मोठ्याने उच्चारीत नसे. आज लग्नाआधी रक्त तपासण्याची गोष्ट इथे उघड बोलली जाते, शिबिरे भरतात, आणि शेजारचे दादा आपल्या मुलाचा तपासणीचा कागद पत्रिकेच्या शेजारी ठेवतात. त्यापायी लग्ने थांबली नाहीत. जे काम रक्ताच्या बाबतीत जमले ते मेंदूच्या बाबतीत का जमू नये? दोन्ही रोग एकसारखे नाहीत, हे मी जाणतो. थॅलेसेमियाचा वाहक स्वतः धडधाकट असतो. वाडियांनी सांगितलेल्या रोगात मात्र एकाच पालकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. असला निकाल स्वतःविषयी जाणून घ्यायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. न जाणण्याचाही माणसाला हक्क आहे. पण स्वतः न जाणणे वेगळे, आणि दुसऱ्याला कळू न देणे वेगळे.

फेफऱ्याच्या बाबतीत तर लपवण्याला कायद्याचीही सबब उरलेली नाही. वारंवार फेफरे येणे हा हिंदू विवाहाच्या कायद्यात १९७६ सालापासून अडथळा मानला जाई. तो शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आला. आपल्या देशात कित्येकांचे फेफरे हे पट्टकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या गाठींचे असते. ती अंडी घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि शुद्ध शाकाहाऱ्यालाही सोडीत नाहीत. त्यावर उपचार आहेत. आणि आपण मात्र मुलीच्या नाकाशी कांदा धरतो, चप्पल हुंगवतो, आणि कुणी पाहिले तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघतो!

दुसरा आक्षेप: "बरा होणारच नसेल तर कारण कळून उपयोग काय?" कंपवाताची गोळीही रोग थांबवीत नाही, काही वर्षांनी तिचा जोर कमी पडतो, हे खरेच आहे. पण ज्याला स्वतःच्या हाताने सदऱ्याची गुंडी लावता आली त्याला विचारा उपयोग काय ते. आणि गोळी नसली तरी कारण कळण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो फार कमी बोलला जातो. कारण कळले की दोष द्यायला माणूस उरत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका घरात तोल जाणाऱ्या मुलाच्या आईला सासरच्यांनी वर्षानुवर्षे ऐकवले की तिच्या पायगुणाने हे झाले. पुढे निदान झाले, तेव्हा कळले की दोष मुलाच्या बापाच्या बाजूने आला होता. त्या बाईच्या मुलाला औषध मिळाले नाही. पण तिच्या डोक्यावरचा आळ उतरला. विज्ञानाने एवढेच केले असते तरी मी त्याला ओवाळले असते.

तिसरा आक्षेप मृतदेहाचा. "बाबांच्या डोक्याला आता तरी हात लावू नका." या वाक्यापुढे युक्तिवाद थिटा पडतो, आणि मी तो दुःखाच्या घडीला करीतही नाही. म्हणून तर आज दिवाळीत करतो. हाडे काढून देणाऱ्या दधीचीची कथा आपण नातवंडांना सांगतो. देहदानाचा अर्ज भरणारी माणसे आपल्या ठाणे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण देहदानातला देह विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवण्यासाठी जातो. रोगाच्या संशोधनासाठी मेंदू थोड्या तासांत हाती यावा लागतो, आणि त्याच्यासोबत रोग्याची सारी कागदपत्रे असावी लागतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ सालापासून अशी मेंदूपेढी आहे. कॅम्प पाचच्या घरातून बेंगळुरू फार दूर, हे उघड आहे. म्हणून माझी मागणी अशी की प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने ही सोय आपल्या दारी करावी, आणि प्रत्येक कुटुंबाने रोगी हयात असताना, त्याच्या स्वतःच्या तोंडून, त्याची इच्छा विचारून ठेवावी. पुष्कळदा रोगी होय म्हणतो. नाही म्हणतात ते वारस.

येथवर मी घरांना बोललो. आता डॉक्टर आणि संशोधक मंडळी, तुमचीही पाळी आहे. आमच्याच इमारतीतल्या एका घरातून काही वर्षांमागे एका मोठ्या संस्थेच्या लोकांनी सात जणांचे रक्त नेले. इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. त्या घरातल्या आजींना इंग्रजी येत नाही, मराठीही जेमतेम येते. रक्त गेले ते गेले. निकाल काय लागला, कुणी सांगायला आले नाही, पत्र नाही, फोन नाही. आजी मला म्हणाल्या, "बेटा, चोराने नेले असते तर निदान पोलिसांत तरी गेले असते." अशा रीतीने एकदा फसलेले दार पुन्हा उघडत नाही. तुम्हाला आमच्या घराण्यांची हकीकत हवी असेल तर ती आमच्या भाषेत मागा, कशासाठी हवी ते सांगा, नावे झाकून ठेवा, आणि काय सापडले, काय नाही सापडले, ते परत येऊन सांगा. वंशवेल ही तुमच्या प्रबंधातली आकृती असेल. आमच्यासाठी त्यातले प्रत्येक काळे वर्तुळ म्हणजे कुणाचा तरी काका आहे.

पण संशोधक उद्धट आहेत, म्हणून आपण दार लावून बसावे, हे मला मान्य नाही. मी चव्हाट्यावर जा असे कुणाला सांगत नाही. गोष्ट चव्हाट्यावर जाणे वेगळे आणि वैद्याच्या वहीत जाणे वेगळे. माझे मागणे फार लहान आहे. या भाऊबिजेला बहिणी माहेरी येतील, आत्या येतील, मामा येतील. तीन पिढ्यांची माणसे एका छपराखाली पुन्हा पुढच्या वर्षीच जमणार. ओवाळणी झाली, फराळ झाला, की एक वही काढा. पणजोबांपासून खाली सर्वांची नावे लिहा. कुणाला काय झाले, कितव्या वर्षी झाले, हात थरथरत होता की तोल जात होता, की विसर पडत होता, हे आठवेल तेवढे खरे खरे लिहा. जुन्या माणसांना विचारा. ती गेली की ही माहिती कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. ही वही रोग्याबरोबर डॉक्टरकडे न्या. आणि आतल्या खोलीतल्या माणसाला त्या दिवशी बाहेर आणून बसवा, कारण त्या वहीतले पहिले पान त्याने सांगायचे आहे.